पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी: आपला लोकसभा मतदारसंघ कसा शोधावा आणि त्याचा निवडणूक इतिहास कसा वाचावा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पुणे शहराने दोन वेगवेगळ्या दिवशी मतदान केले. वारजे आणि धायरी येथील मतदारांनी ७ मे रोजी मत दिले, तर कोथरूड, सदाशिव पेठ आणि विमाननगर येथील मतदारांची पाळी १३ मे रोजी आली. वारजे आणि कोथरूड हे शेजारी भाग आहेत, दोन्हींची महानगरपालिका एकच आहे आणि मिळकतकरही एकाच तिजोरीत जमा होतो. तरीही वारजे बारामती लोकसभा मतदारसंघात मोडते आणि कोथरूड पुणे लोकसभा मतदारसंघात. शहरात नव्याने आलेल्या माणसाची पहिली फसगत येथेच होते. ‘मी पुण्यात राहतो, म्हणजे माझा खासदार पुण्याचा’ हे गृहीतक लाखो पुणेकरांच्या बाबतीत खरे नाही.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. काहींना आपण कोणत्या मतदारसंघात आहोत हे नेमके जाणून घेऊन मतदार यादीत नाव नोंदवायचे असते. काहींना त्यापुढे जाऊन पुण्याचा १९५२ पासूनचा निवडणूक इतिहास स्वतः अभ्यासायचा असतो. असे वाचक म्हणजे विद्यार्थी, स्थानिक पत्रकार, सोसायटीचे कार्यकर्ते किंवा नुसतेच जिज्ञासू नागरिक. पहिले काम एका बैठकीत उरकते. दुसऱ्याला वेळ लागतो, कारण आकडे मिळवणे सोपे असले तरी ते कोणत्या सीमारेषेतले आहेत हे ओळखणे अवघड असते.

हाताशी काय असावे

- मतदार ओळखपत्र असल्यास त्याचा क्रमांक. नसल्यास घराचा पूर्ण पत्ता आणि शेजाऱ्याचा यादी भाग क्रमांक (मतदार यादीच्या ज्या भागात त्याचे नाव आहे, त्या भागाचा क्रमांक)
- निवासाचा पुरावा: आधार कार्ड, पारपत्र, बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, नोंदणीकृत भाडेकरार, नोंदणीकृत खरेदीखत यांपैकी एक
- वयाचा पुरावा आणि अलीकडचे छायाचित्र (पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यांसाठी)
- २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचना आदेशातील महाराष्ट्राचा भाग
- निवडणूक आयोगाचे प्रत्येक लोकसभा निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल
- राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरील ‘नमुना २०’, म्हणजे मतदान केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक
- आकडे भरण्यासाठी साधी एक्सेल फाइल

१. तीन नकाशे आधी एकमेकांपासून वेगळे करा

पुण्यातील प्रत्येक घर एकाच वेळी तीन निवडणूक नकाशांत असते. पहिला नकाशा महानगरपालिकेच्या प्रभागांचा. तो राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत तयार होतो आणि जवळजवळ प्रत्येक पालिका निवडणुकीत बदलतो. २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय आणि २०१७ मध्ये चारसदस्यीय प्रभाग होते. दुसरा नकाशा विधानसभा मतदारसंघांचा आणि तिसरा लोकसभा मतदारसंघांचा. हे दोन्ही नकाशे केंद्रीय पातळीवरील पुनर्रचना आयोग ठरवतो आणि ते दशकानुदशके स्थिर राहतात. सध्याची रेषा २००८ मध्ये लागू झाली आणि २००९ पासूनच्या सर्व लोकसभा निवडणुका याच रेषेवर झाल्या आहेत.

त्यामुळे नगरसेवकाच्या प्रभागावरून खासदार शोधू नये. पिनकोडही वापरू नये. तो टपाल खात्याच्या सोयीसाठी आखलेला असतो आणि मतदारसंघाच्या सीमेशी त्याचा काही संबंध नसतो. मालमत्तेच्या जाहिरातींविषयी तर बोलायलाच नको, त्यांत हिंजवडीही ‘पुणे’ असते आणि वाघोलीही.

२. लोकसभा नव्हे, आधी विधानसभा मतदारसंघ शोधा

लोकसभा मतदारसंघाची सीमा वेगळी आखलेली नसते. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ आणि लोकसभेच्या ४८ जागा आहेत, म्हणजे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक लोकसभा मतदारसंघ होतो. आपला विधानसभा मतदारसंघ कळला की लोकसभेचे उत्तर आपोआप मिळते.

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाकल्यास विधानसभा मतदारसंघाचे नाव व क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिसतो. ओळखपत्र जुन्या गावचे असेल तर अर्थातच जुन्या गावाचा मतदारसंघ दिसेल. अशा वेळी त्याच इमारतीतील किंवा त्याच गल्लीतील जुन्या रहिवाशाचा यादी भाग विचारून घ्यावा. हा मार्ग नकाशावर बोट ठेवण्यापेक्षा अधिक खात्रीचा असतो. १९५० या मदत क्रमांकावरही माहिती मिळते.

३. पुणे मतदारसंघाचे सहा भाग आणि मधले दोन गाळलेले क्रमांक

पुणे हा राज्यातील ३४ क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ आहे. त्यात २०८ वडगाव शेरी, २०९ शिवाजीनगर, २१० कोथरूड, २१२ पर्वती, २१४ पुणे कॅन्टोन्मेंट आणि २१५ कसबा पेठ हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. पुणे कॅन्टोन्मेंट अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

या यादीतील क्रमांक नीट पाहा. २११ आणि २१३ त्यात नाहीत. २११ म्हणजे खडकवासला, जो बारामती लोकसभेत आहे. २१३ म्हणजे हडपसर, जो शिरूर लोकसभेत आहे. शहर आणि त्याला लागून असलेली वस्ती मिळून सलग आठ विधानसभा मतदारसंघ झाले आणि लोकसभेच्या साच्यात सहाच मावतात; उरलेले दोन शेजारच्या, मुख्यतः ग्रामीण मतदारसंघांना जोडले गेले. बारामती आणि शिरूरच्या निकालांत शहरी मतांचा जो भाग दिसतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या रचनेत आहे.

ढोबळमानाने भाग असे लक्षात ठेवता येतील. खराडी, विमाननगर, येरवडा आणि धानोरी वडगाव शेरीत. औंध, बोपोडी आणि खडकी शिवाजीनगरमध्ये. बाणेर, बालेवाडी आणि पाषाण कोथरूडमध्ये. सहकारनगर, बिबवेवाडी आणि मार्केट यार्ड पर्वतीत. कॅम्प आणि घोरपडी पुणे कॅन्टोन्मेंटमध्ये. नारायण, शनिवार आणि सदाशिव पेठ कसब्यात. ‘ढोबळमानाने’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण उपनगरांच्या कडेला एकाच नावाचा परिसर दोन मतदारसंघांत विभागलेला असतो. कात्रज हे त्याचे ठळक उदाहरण: त्याचा काही भाग खडकवासल्यात आहे आणि काही हडपसरमध्ये. कडेवर राहणाऱ्याने नावावर विसंबू नये, यादी भागच पाहावा.

आता सर्वांत जास्त गोंधळ होणाऱ्या जागा. हिंजवडी मुळशी तालुक्यात असल्याने भोर विधानसभा आणि पर्यायाने बारामती लोकसभेत आहे. वाकड आणि पिंपळे सौदागर चिंचवड विधानसभेत, म्हणून मावळ लोकसभेत. हा मावळ मतदारसंघ घाट उतरून थेट पनवेल, कर्जत आणि उरणपर्यंत जातो. वाघोली शिरूर विधानसभेत आणि शिरूर लोकसभेत आहे. भोसरीही शिरूर लोकसभेतच. आयटी क्षेत्रात काम करणारे चार सहकारी वाकड, हिंजवडी, बालेवाडी आणि वाघोली येथे राहत असतील, तर त्यांचे चार खासदार असतात.

४. पुनर्रचना आदेश वाचताना

ज्याला पोर्टलच्या उत्तरावर थांबायचे नाही, त्याने मूळ आदेश वाचावा. २००२ च्या कायद्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारावर हा आदेश तयार केला. ग्रामीण भागाचे वर्णन त्यात महसूल मंडळ आणि तलाठी सज्जा यांच्या नावांनी येते, शहरी भागाचे मात्र महापालिकेच्या वॉर्ड क्रमांकांनी.

हे वॉर्ड क्रमांक २००१ च्या जनगणनेच्या वेळचे आहेत, आजच्या प्रभागांचे नाहीत. आदेशात एखाद्या वॉर्डाचा क्रमांक दिसला आणि आजच्या प्रभाग रचनेतील त्याच क्रमांकाचा प्रभाग नकाशावर शोधला, तर माणूस शहराच्या भलत्याच टोकाला पोहोचतो. जनगणनेचे वॉर्डनिहाय नकाशे मिळाल्याशिवाय हा आदेश गल्लीपर्यंत उतरवता येत नाही. तोवर तो तालुका, गाव आणि विधानसभा क्रमांक यांच्या खातरजमेपुरता वापरावा. इंटरनेटवर फिरणारे रंगीत नकाशे बहुधा खासगी व्यक्तींनी काढलेले असतात. ते पाहण्यासाठी चांगले आहेत, पुरावा म्हणून नव्हेत.

पालिकेची हद्द वाढली म्हणून मतदारसंघाची हद्द वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. सूस आणि म्हाळुंगे पालिकेत आली तरी लोकसभेसाठी बारामतीतच राहिली आणि वाघोली शिरूरमध्येच. उलट, पुणे आणि खडकी ही कटक मंडळे (कॅन्टोन्मेंट) पालिकेच्या हद्दीबाहेर असूनही त्यांचे मतदार पुणे लोकसभेत मत देतात.

५. नाव नोंदवणे किंवा हलवणे

मतदारसंघ कळल्यावर अर्जाचे काम सोपे आहे. यादीत पूर्वी कधीच नाव नसेल तर नमुना ६ भरावा. दुसऱ्या गावाहून किंवा शहराच्या दुसऱ्या भागातून आला असाल तर नमुना ८. पत्ता बदल, दुरुस्ती आणि ओळखपत्राची नवीन प्रत या तिन्हींसाठी आता हाच नमुना आहे. नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नोंदीवर आक्षेप घेण्यासाठी असतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या वर्षातील चार अर्हता तारखा असून, त्या तारखेला १८ वर्षे पूर्ण होणाऱ्याला नोंदणी करता येते.

येथे दोन सापळे आहेत. एक म्हणजे जुन्या गावचे नाव तसेच ठेवून पुण्यात नव्याने नमुना ६ भरणे. एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव असणे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याला मान्य नाही आणि अर्जातील खोटे निवेदन हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. ‘गावाकडचे नाव राहू दे, ग्रामपंचायतीला उपयोगी पडते’ हा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील; तो ऐकू नये. दुसरा सापळा भाडेकरूंचा. घरमालकाशी झालेला साधा, नोंदणी न केलेला करार निवासाचा पुरावा म्हणून पुरत नाही, म्हणून घर घेतानाच नोंदणीकृत करार करून घ्यावा.

नाव एकदा यादीत आले म्हणजे ते कायम राहील असे समजू नये. १७ एप्रिल २०१४ रोजी मतदानाला गेलेल्या अनेक पुणेकरांना आपले नाव यादीत नाही हे केंद्रावर पोहोचल्यावर कळले. त्यावरून शहरात आंदोलने झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा ती उघडून पाहण्याची सवय ठेवावी. हरकतीची मुदत तेव्हाच खुली असते.

६. इतिहास वाचण्यापूर्वी तो सीमांच्या कालखंडांत तोडा

येथून दुसरे काम सुरू होते. ‘पुणे लोकसभा’ या नावाखाली १९५२ पासूनची यादी सहज सापडते आणि ती सरळ वाचण्याचा मोह होतो. पण यादीतले ‘पुणे’ दर वेळी एकच नाही. पुनर्रचना आयोग १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ मध्ये नेमले गेले आणि त्यांचे परिणाम अनुक्रमे १९५७, १९६७, १९७७ आणि २००९ च्या निवडणुकांपासून दिसले. मध्ये १९६१ मध्ये द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द झाल्याने १९६२ च्या निवडणुकीसाठीही काही ठिकाणी फेरमांडणी झाली होती. आणीबाणीत ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप गोठवले गेले, त्यामुळे १९७७ ते २००४ या नऊ निवडणुका एकाच नकाशावर झाल्या. त्यानंतर २००९ पासून आजचा नकाशा.

म्हणून तक्त्यात वर्ष, विजेता आणि पक्ष यांच्या आधी ‘सीमाकालखंड’ असा एक रकाना ठेवावा. या कामात मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट हीच आहे, कारण मतांची तुलना एका कालखंडाच्या आतच करायची असते; कालखंड ओलांडून फक्त राजकारणाची दिशा सांगता येते.

२००८ च्या बदलात शहराच्या आतल्या भागांचीही नावे बदलली. भवानी पेठ आणि बोपोडी हे विधानसभा मतदारसंघ संपले; कोथरूड, वडगाव शेरी, खडकवासला आणि हडपसर नवे झाले. पर्वती पूर्वी अनुसूचित जातींसाठी राखीव होता, तो खुला झाला आणि राखीव जागा पुणे कॅन्टोन्मेंटकडे गेली. जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा १८ वरून २१ झाल्या, खेड लोकसभा मतदारसंघ इतिहासजमा झाला आणि शिरूर व मावळ अस्तित्वात आले. जुन्या निकालातील ‘पर्वती’ आणि आजची ‘पर्वती’ शेजारी ठेवून कल बदलल्याचा निष्कर्ष काढणारे लेख आजही वाचायला मिळतात. ते वाचून सोडून द्यावेत.

७. कालखंडनिहाय वाचन

*१९५२ ते १९७१.* पहिल्या निवडणुकीत ‘पुणे’ नावाचा एकच मतदारसंघ नव्हता. पुणे मध्य आणि पुणे दक्षिण असे दोन होते. मध्य मतदारसंघातून केंद्रीय मंत्री काकासाहेब गाडगीळ आणि दक्षिणेतून इंदिरा मायदेव हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. अहवाल शोधताना १९५२ आणि १९५७ चे निकाल ‘महाराष्ट्र’ या शीर्षकाखाली मिळणार नाहीत, कारण राज्य १९६० मध्ये झाले; ते ‘मुंबई’ राज्यात पाहावेत. जुन्या इंग्रजी अहवालांत शहराचे नावही ‘पूना’ असे असते, त्यामुळे शोधयंत्र रिकाम्या हाताने परतते.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात झाली आणि प्रजा समाजवादी पक्षाचे ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांचा पराभव केला. १९६२ मध्ये शंकरराव मोरे यांच्या रूपाने काँग्रेस परतली. १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी निवडून आले. १९७१ मध्ये काँग्रेसचे मोहन धारिया. दहा वर्षांत दोनदा समाजवादी नेत्याला लोकसभेत पाठवणारे शहर म्हणून त्या काळाच्या पुण्याकडे पाहिले, तर आजच्या शहराच्या प्रतिमेवरून मागे जाऊन केलेले अनेक अंदाज गळून पडतात.

*१९७७ ते २००४.* या कालखंडात पक्षाच्या रकान्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागलेले आणि आणीबाणीत तुरुंगात गेलेले मोहन धारिया १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे पुन्हा जिंकले. पण जनता पक्षाने ती निवडणूक भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढवली असल्याने आयोगाच्या अहवालात त्यांच्यापुढे लोकदलाची अक्षरे दिसतात. १९८० च्या अहवालात काँग्रेस ‘काँग्रेस (आय)’ म्हणून येते. त्या वर्षी काकासाहेबांचे पुत्र विठ्ठलराव गाडगीळ निवडून आले आणि १९८४ व १९८९ मध्येही त्यांनी जागा राखली.

१९९१ मध्ये अण्णा जोशी यांनी भारतीय जनता पक्षाला पुण्यात पहिला लोकसभा विजय मिळवून दिला. १९९६ मध्ये सुरेश कलमाडी काँग्रेसतर्फे आले. १९९८ ची निवडणूक या साऱ्या इतिहासात सर्वांत दिशाभूल करणारी आहे: कलमाडी काँग्रेसबाहेर पडून अपक्ष उभे राहिले, त्यांना भाजप आणि शिवसेनेचा पाठिंबा होता आणि काँग्रेसचे विठ्ठल तुपे यांनी त्यांना हरवले. नुसता पक्षनिहाय तक्ता केला तर त्या वर्षी भाजपचा रकाना कोरा राहतो आणि अपक्षाचा फुगतो. अशा नोंदीपुढे शेरा लिहिल्याशिवाय तक्ता कोणाला देऊ नये. १९९९ मध्ये काँग्रेस आणि नव्याने स्थापन झालेली राष्ट्रवादी काँग्रेस वेगवेगळी लढली आणि भाजपचे प्रदीप रावत जिंकले. २००४ मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र होत्या आणि कलमाडी काँग्रेसतर्फे पुन्हा निवडून आले.

*२००९ पासून.* नव्या नकाशावरील पहिल्या निवडणुकीत कलमाडी यांनी भाजपच्या अनिल शिरोळे यांना २५,७०१ मतांनी हरवले. मनसे आणि बसप या दोन पक्षांच्या उमेदवारांना मिळालेली मते प्रत्येकी या फरकापेक्षा जास्त होती, तेव्हा या निकालाला ‘दुरंगी’ म्हणू नये. २०१४ मध्ये शिरोळे यांनी काँग्रेसचे विश्वजीत कदम यांच्यावर ३,१५,७६९ मतांनी मात केली. २०१९ मध्ये भाजपचे गिरीश बापट यांनी काँग्रेसचे मोहन जोशी यांच्याविरुद्ध ३,२४,६२८ मतांचे आधिक्य घेतले. २०२४ मध्ये भाजपचे मुरलीधर मोहोळ यांनी काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांना १,२३,०३८ मतांनी हरवले.

मधली एक पोकळी यादीत दिसत नाही. २९ मार्च २०२३ रोजी बापट यांचे निधन झाले. रिक्त जागा सहा महिन्यांत भरण्याची कायद्यातील तरतूद असूनही पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घेण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. परिणामी जून २०२४ पर्यंत, एक वर्षाहून अधिक काळ, पुण्याला लोकसभेत प्रतिनिधी नव्हता. त्या काळातील संसदेतील कामगिरीचे तक्ते वाचताना ही गोष्ट ध्यानात असावी.

८. नमुना २० उघडून बघा

एकूण मताधिक्याचा आकडा मतदारसंघाचा स्वभाव लपवतो. नमुना २० मध्ये प्रत्येक विधानसभा क्षेत्रासाठी स्वतंत्र पत्रक असते आणि त्यात केंद्रनिहाय मते, ‘नोटा’ (यांपैकी कोणीही नाही) आणि एकूण बेरीज दिलेली असते. २०२४ चे पत्रक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मोहोळ यांचे एकट्या कोथरूडमधील आधिक्य सुमारे ७४ हजार होते, म्हणजे एकूण आधिक्याच्या निम्म्याहून बरेच जास्त; पुणे कॅन्टोन्मेंटमध्ये धंगेकर पुढे होते; आणि शिवाजीनगरमध्ये दोघांत अगदी थोडे अंतर होते. फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत कसब्यातून आमदार झालेले धंगेकर त्याच कसब्यात लोकसभेला मागे पडले. एकच मतदार विधानसभेला आणि लोकसभेला वेगळा विचार करतो हे या एका ओळीत जितके स्पष्ट दिसते, तितके कोणत्याही विश्लेषणात दिसत नाही.

या पत्रकांत तीन ठिकाणी अडखळायला होते. सहा क्षेत्रांच्या बेरजेत टपाली मते नसतात, ती वेगळी मोजली जातात. म्हणून बेरीज अंतिम आकड्याशी जुळली नाही तर घाबरू नये, टपाली मतांची ओळ शोधावी. मतदान केंद्रांचे क्रमांक दोन निवडणुकांत सारखे राहत नाहीत, केंद्रे विभागली किंवा एकत्र केली जातात; २०१४ चे १२० क्रमांकाचे केंद्र आणि २०१९ चे १२० क्रमांकाचे केंद्र यांची तुलना करण्यापूर्वी केंद्राचे नाव आणि यादी भागाचा तपशील पडताळावा. आणि बरीच जुनी पत्रके छायाप्रतींच्या स्वरूपात असतात. त्यांतील आकडे यंत्राकडून वाचून घेतल्यास ३ आणि ८ यांची अदलाबदल होते, म्हणून प्रत्येक पानाची बेरीज हाताने ताडून पाहावी.

९. टक्केवारीच्या आधी मतदारसंख्या पाहा

मतदानाचे वय २१ वरून १८ झाल्यानंतरची पहिली लोकसभा निवडणूक १९८९ ची. तेथे मतदारसंख्येत दिसणारी उडी शहराच्या वाढीची नाही. लोकसभेला नोटा हा पर्याय २०१४ पासून आहे, त्याआधीच्या तक्त्यांत तो रकाना शून्य न लिहिता रिकामा सोडावा.

सहा विधानसभा क्षेत्रांचे वजनही आता सारखे राहिलेले नाही. पुनर्रचना झाली तेव्हा लोकसंख्येचा समतोल हे तत्त्व होते. पण पेठांतली वस्ती स्थिरावली किंवा कमी झाली आणि खराडी-धानोरीकडे इमारती उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये कसबा पेठेत पावणेतीन लाखांच्या आसपास मतदार होते, तर वडगाव शेरीत साडेचार लाखांहून अधिक. एकूण मतदारसंख्या वीस लाखांच्या वर गेली होती. ‘कसबा जिंकला म्हणजे पुणे जिंकले’ हे वाक्य प्रचारात अजूनही ऐकू येते, आणि प्रतीक म्हणून त्यात तथ्य असेलही; मतांच्या हिशेबात मात्र कोथरूड आणि वडगाव शेरी यांचा वाटा कितीतरी मोठा आहे.

१०. आजचा नकाशा आजच जतन करा

२००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांच्या वाटपावरील गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली होती. म्हणजे २००८ ची रेषा शेवटची नाही. पुढची पुनर्रचना होईल तेव्हा आयोग प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवील, आणि खडकवासला किंवा हडपसरच्या रहिवाशांना ‘आमचा भाग पुण्यात का नाही’ हे विचारण्याची ती अधिकृत संधी असेल. अशा हरकतीला गावांची व वॉर्डांची यादी, जुन्या आदेशातील परिच्छेद आणि मतदारसंख्या जोडावी लागते. संकेतस्थळे बदलली की जुन्या धारिका दिसेनाशा होतात. म्हणून पुनर्रचना आदेशातील पुणे जिल्ह्याची पाने, आपल्या विधानसभा क्षेत्राची यादी भागांची अनुक्रमणिका आणि २००९ पासूनचे नमुना २० उतरवून घेऊन, प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष आणि मतदारसंघ क्रमांक लिहून ठेवावेत.